व्हॉल्यूम कंट्रोलची खरखर: पॉट बदलण्याआधी आणि बदलताना

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं व्हॉल्यूम कंट्रोलबद्दलची आहेत, म्हणून सगळी जागा त्यालाच दिली आहे. पावसाळा सरल्यावर दर वर्षी असंच होतं. दमट हवेत बंद पडून राहिलेले अ‍ॅम्प्लिफायर दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली येतात, नॉब फिरवला की स्पीकरमधून खर्रर्र येतं, आणि बुधवार पेठेतल्या माझ्या टेबलावर रांग लागते. येणारा प्रत्येक जण ‘पॉट गेलाय, नवा टाका’ असंच सांगतो. पॉट म्हणजे नॉबमागचा पोटेन्शिओमीटर, बदलता रेझिस्टर. निम्म्या वेळा पॉट गेलेला नसतो.

प्रश्न: ताई, वडिलांनी १९८२ साली मस्कतहून आणलेला जपानी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आमच्याकडे आहे. व्हॉल्यूम फिरवताना जोरात खरखर यायची. इथल्या मेकॅनिकने स्प्रे मारला. महिनाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून १०० केचा (किलोओहमचा) नवा पॉट मागवून बसवला. आता नॉब जरा हलवला की घर दणाणतं आणि पुढे पाऊण फेरा आवाज फारसा वाढतच नाही. जुन्या पॉटला आठ पिना होत्या, नव्याला सहाच आहेत, त्यामुळे दोन तारा मोकळ्या राहिल्यात. आणि खरखर अजून आहेच. काय चुकलं? — एक वाचक, चिपळूण

उत्तर: तुमच्या एका पत्रात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकेक घेऊ.

जरासा हलवला की दणाणणारा पॉट म्हणजे लिनिअर पॉट. तुम्हाला हवा होता लॉग. दोन्हींवर १०० केच लिहिलेलं असतं, दिसायलाही सारखेच, पण आतली कार्बनची पट्टी वेगळी असते. लिनिअर पॉट मध्यावर आणला की निम्मा सिग्नल पुढे जातो. निम्मा म्हणजे फक्त ६ डेसिबल कमी, आणि कानाला तो जवळजवळ पूर्णच वाटतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. लॉग पॉट मध्यावर सिग्नलचा दहा ते पंधरा टक्के भागच पुढे सोडतो, म्हणजे १६ ते २० डेसिबल कमी. म्हणून त्याचा आवाज फेऱ्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा चढत जातो.

जपानी आणि तैवानी पॉटवर लॉगसाठी इंग्रजी ‘ए’ आणि लिनिअरसाठी ‘बी’ छापतात. जुन्या युरोपीय पॉटवर बरोबर उलटं सापडतं. त्यामुळे अक्षरावर विसंबू नका, मल्टिमीटर घेऊनच दुकानात जा. नॉब तुमच्याकडे आणि पिना खाली करून पॉट धरा. स्टिरिओ पॉटमध्ये एकाच शाफ्टवर दोन पॉट असतात, त्यातल्या प्रत्येकाला गँग म्हणतात. एका गँगच्या दोन कडेच्या पिनांवर मीटर लावला की पूर्ण किंमत मिळेल. १०० केच्या पॉटला ८० ते १२० के आलं तरी चालतं. मग शाफ्ट अंदाजाने मध्यावर आणा आणि डावीकडची पिन व मधली पिन यांच्यात मोजा. ५० केच्या आसपास आलं तर लिनिअर, १० ते १५ के आलं तर लॉग. मोजतच आहात तर शाफ्ट पाव फेऱ्यावर ठेवून दोन्ही गँगची तीच दोन मापं घ्या. एकीकडे ४ के आणि दुसरीकडे ४.६ के म्हणजे सव्वा डेसिबलचा फरक, तो कळत नाही. ४ आणि ६ आले तर साडेतीन डेसिबल, म्हणजे रात्री हळू आवाजात गाणं लावलं की गायिका एका स्पीकरकडे सरकलेली ऐकू येईल. असा पॉट परत करा आणि दुसरा मागा. चांगला दुकानदार दोन-तीन पॉट मोजू देतो. निदान माझ्या पेठेतले देतात.

दुसरा पॉट मिळेपर्यंत एक उपाय सांगते. आहे त्याच लिनिअर पॉटच्या मधल्या पिनेपासून ग्राउंडच्या पिनेपर्यंत १५ केचा रेझिस्टर लावा, दोन्ही गँगना एकेक. मध्यावर आवाज साडेचौदा डेसिबलने खाली येईल, म्हणजे लॉगच्या बराच जवळ. पूर्ण व्हॉल्यूमवर मात्र मागच्या स्टेजला १०० केऐवजी १३ केचा भार ओढावा लागतो. सीडी प्लेअरला किंवा फोनला त्याचं काही वाटत नाही. जुन्या ट्यूनर-टेपचा आवाज थोडा दबू शकतो.

आता पिना. जुन्या पॉटच्या प्रत्येक गँगला असलेली चौथी पिन लाउडनेसची. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून ‘लाउडनेस’चं बटण दाबलं की पट्टीच्या अधल्यामधल्या एका बिंदूवर रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लागते आणि खालचे स्वर उठतात. जुना पॉट टाकला नसेल तर मोजून बघा. ज्या दोन पिनांमधलं माप नॉब कितीही फिरवला तरी पूर्ण आणि स्थिर राहतं, ती दोन टोकं. ज्या पिनेचं माप नॉबबरोबर बदलतं, ती मधली. आणि टोकापासून जिचं माप पूर्ण किमतीपेक्षा कमी पण कायम एकच येतं, ती लाउडनेसची. त्या दोन तारा तुम्ही मोकळ्या सोडल्यात ते योग्यच केलंत. टोकांवर स्लीव्ह चढवून बाजूला बांधा. लाउडनेसचं बटण आता काम करणार नाही, बाकी काही बिघडत नाही. जागा वाचवायला त्या तारा मधल्या पिनेला मात्र जोडू नका, आवाज गढूळ होईल.

राहिली खरखर, आणि खरा मुद्दा हाच आहे. नव्या कोऱ्या पॉटलाही खरखर येते याचा अर्थ दोष पॉटमध्ये नाही. पॉटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचं स्थिर व्होल्टेज, येतंय. वायपर (नॉबबरोबर फिरणारा संपर्क) कार्बनवरून सरकताना क्षणभर सुटतो, पुन्हा टेकतो, हे नव्या पॉटमध्येही होतं. पिनेवर नुसता ऑडिओ सिग्नल असेल तर ते सुटणं ऐकू येत नाही. पण तिथे डीसी असेल तर प्रत्येक सुटण्याला ते तुटतं, जुळतं, आणि स्पीकरमध्ये ‘टिक’ होतं. अशा शेकडो टिकटिकी म्हणजे तुमची खर्रर्र. डीसी अडवणं हे कपलिंग कपॅसिटरचं काम. चाळीस वर्षं कोकणच्या हवेत राहिलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळायला लागला तर नवल नाही. महिनाभर स्प्रेने बरं वाटलं तेही यामुळेच: संपर्क सुधारला, डीसी तिथेच राहिलं.

आधी कानाने तपासा. खरखर फक्त रेकॉर्ड प्लेअर लावल्यावर येते की सगळ्या इनपुटांवर? एकाच इनपुटवर येत असेल तर डीसी त्या इनपुटकडून, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल वाढवणाऱ्या फोनो स्टेजच्या आउटपुट कपॅसिटरमधून येतंय. सगळीकडे येत असेल तर बहुधा पॉटच्या पुढच्या स्टेजमधून उलटं मागे येतंय, म्हणजे त्या स्टेजच्या इनपुटचा कपॅसिटर. मग मीटरने खात्री करा. स्पीकरच्या तारा काढा, सिग्नल लावू नका, अ‍ॅम्प्लिफायर चालू करून पाच मिनिटं थांबा. मीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर ठेवा, काळी प्रोब शासीच्या (धातूच्या सांगाड्याच्या) ग्राउंडला, लाल प्रोब पॉटच्या वरच्या टोकाला (ग्राउंड नसलेल्या कडेच्या पिनेला), मग मधल्या पिनेला. एक-दोन मिलिव्होल्ट चालतात. दहा-वीसच्या वर गेलं तर चोर सापडला. हे माप चालू यंत्रावर घ्यायचं आहे, म्हणून एक हात खिशात ठेवा आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जाऊ नका.

तिथे बहुधा ४.७ किंवा १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक असेल. तेवढ्याच किमतीचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टेजचा नवा घाला, उणे-अधिकची बाजू बघून. १०० केच्या पॉटच्या आधी असेल तर १ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टरही पुरतो आणि तो असा गळत नाही. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.

लॉग पॉट आणलात की पुन्हा एकदा उकलाउकल करावी लागेल, म्हणून थोडं त्याबद्दल. सर्किटच्या पाट्या तपकिरी फिनॉलिकच्या असतील. त्यांचं तांबं उष्णतेने पापुद्र्यासारखं सुटतं, आणि ते पुन्हा चिकटत नाही. यंत्राची पिन भिंतीतून काढा. मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, तो १०० ओहम १० वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवा, स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून नाही. फोटो काढून ठेवा. सहा पिना एकदम तापवून पॉट ओढण्याचा हट्ट करू नका. तुम्ही बसवलेला पॉट वाचवायचा नसेल तर कटरने सगळ्या पिना त्याच्या अंगाजवळ कापा, पॉट बाजूला काढा आणि पाटीत उरलेले तुकडे एकेक करून काढा. प्रत्येक डागावर (सोल्डरच्या जोडावर) आधी थोडं ताजं सोल्डर घाला. जुनं सोल्डर नव्याबरोबर पटकन वितळतं आणि सकर (सोल्डर ओढून घेणारा पंप) ते एका झटक्यात ओढतो. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, एका डागावर तीन सेकंद. सुटलं नाही तर थांबा, पाटी गार होऊ द्या, पुन्हा करा.

नव्या पॉटचा शाफ्ट लांब निघाला तर करवतीने कापताना व्हाइसमध्ये शाफ्टच धरा, पॉटचं अंग नव्हे. अंगाला आधी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर धातूचा भुगा पट्टीवर जाऊन बसतो. पॉटच्या तोंडाशी एक छोटा कान असतो. पॅनलमध्ये त्यासाठी भोक असेल तर तो त्यात बसवा, नसेल तर मोडून टाका. कान अधांतरी ठेवून नट आवळला तर पॉट तिरका बसतो, आणि थोड्या दिवसांनी तो नॉबबरोबर फिरून पाटीवरचे डाग तडकवतो.

प्रश्न: पॉटमध्ये कोणी शिलाई मशीनचं तेल सोडायला सांगतं, कोणी रॉकेल, कोणी पेट्रोल. नेमकं काय वापरावं? — एक वाचक, जळगाव

उत्तर: यातलं काहीही नको. मशीनचं तेल पहिले आठ दिवस छान वाटतं, मग त्यावर धूळ बसून लेप तयार होतो. पेट्रोल आणि थिनर प्लास्टिक खातात आणि आतलं ग्रीस धुऊन नेतात. कपाटातला गंज काढायचा स्प्रेही त्यासाठी नाही. इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मागा, आणि ‘पॉटसाठी हवा, वंगण असलेला’ असं स्पष्ट सांगा. नुसता कोरडा क्लीनर मळाबरोबर वंगणही नेतो.

पिनांच्या वर, पॉटच्या अंगात एक फट दिसेल. स्प्रेची नळी तिथे लावून अगदी छोटा फवारा मारा. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे मारू नका. नॉब फिरताना जो मऊ, जड हात लागतो तो तिथल्या घट्ट ग्रीसमुळे असतो. ते गेलं की नॉब सुळसुळीत होतो. फवारल्यावर नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. यंत्र अर्थातच बंद. दोन वेळा असं करूनही खरखर राहिली तर वरच्या उत्तरातलं डीसीचं माप घ्या. डीसीही नसेल, तेव्हा पट्टी खरोखर झिजली आहे असं समजा आणि पॉट बदला.

प्रश्न: आजोबांचा लाकडी कॅबिनेटचा व्हॉल्व्ह रेडिओ लागतो, पण व्हॉल्यूम मध्येच तुटतो. त्याच नॉबवर चालू-बंदचा स्विच आहे. तसला पॉट कुठे मिळेना. साधा बसवू का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: पॉट शोधण्याआधी मागचा पुठ्ठा काढून व्हॉल्व्हच्या काचेवरची अक्षरं वाचा. प्लग भिंतीतून काढलेला असू द्या. ईसीएच ८१, ईबीएफ ८९ अशी ‘ई’ची मालिका असेल आणि आत मोठा ट्रान्सफॉर्मर असेल, तर शासी बहुधा मेन्सपासून, म्हणजे भिंतीतल्या विजेपासून, वेगळी असते. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूवाय ८५ अशी ‘यू’ची मालिका असेल तर ट्रान्सफॉर्मर नाही, सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर एका माळेत थेट मेन्सवर आहेत आणि शासी मेन्सच्या एका तारेला जोडलेली आहे. म्हणजे पॉटचं अंग आणि धातूचा शाफ्टही मेन्सवर. कंपन्यांनी नॉबचा स्क्रू मेण भरून झाकला होता तो याचसाठी.

अशा रेडिओत मी धातूच्या शाफ्टचा पॉट बसवत नाही आणि तुम्हीही बसवू नका. प्लास्टिक शाफ्टचा घ्या. स्विचही नीट बघा. मूळ पॉटच्या पाठीला स्विचच्या चार पिना असतील तर तो दोन्ही तारा तोडणारा डबल-पोल स्विच आहे. त्याच्या जागी एकच तार तोडणारा लावलात, तर रेडिओ ‘बंद’ असतानाही हीटरच्या माळेतून शासी जिवंत राहू शकते. स्विचवाला पॉट मिळत नसेल तर साधा ५०० केचा लॉग पॉट घ्या आणि मेन्सच्या दोरीत डबल-पोल स्विच टाका. त्या जागी १ मेगचाही चालतो, फक्त लिनिअर नको. ‘यू’ मालिकेचा रेडिओ उघडून चालवायचा तर यंत्राला मेन्सपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच. तो नसेल तर हे काम व्हॉल्व्ह सेट हाताळलेल्या जाणत्या कारागिराकडे द्या.

आणि मूळ पॉट फेकू नका. त्या काळच्या पॉटमध्ये पिना कार्बनच्या पट्टीला रिव्हेटने दाबलेल्या असतात. पट्टी शाबूत असते, पण रिव्हेटखाली गंज धरतो आणि संपर्क जातो. बारीक पक्कडीने रिव्हेट हलकेच दाबून, क्लीनरचा थेंब देऊन ते पुन्हा चालू होताना मी पाहिलेत. तसं झालं तर तुमचा स्विचही वाचला आणि आजोबांचा नॉबही आहे त्याच शाफ्टवर बसला.

प्रश्न: मिनी सिस्टिमचा व्हॉल्यूम वाढवायला जावं तर कमी होतो, मध्येच उड्या मारतो. पॉट कोणता घेऊ? — एक वाचक, नाशिक

उत्तर: नॉब गोल गोल फिरतच राहतो ना, टोकाला अडत नाही? मग तो पॉट नाही, एन्कोडर आहे. तो आवाज स्वतः कमी-जास्त करत नाही, आतल्या आयसीला फक्त ‘एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे’ असं कळवतो. त्याचे संपर्क मळले की पावलं चुकतात आणि दिशा उलटी कळते. आधी क्लीनर मारा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. बदलायचाच झाला तर एका फेऱ्यात किती टकटकी लागतात ते मोजा आणि तेवढ्याच पावलांचा, तितक्याच पिनांचा एन्कोडर आणा. तिथे कुठलाही पॉट चालणार नाही.

प्रश्न: पॉट मी स्वतः बदलला. आता आवाज शून्यावर जातच नाही, एका बाजूने तर कायम मोठाच येतो. — एक वाचक, लातूर

उत्तर: त्या गँगची ग्राउंडची पिन सुटली आहे. पॉट सिग्नल जमिनीकडे वळवून आवाज कमी करतो. वाटच तुटली तर तो वळणार कुठे? त्या पिनेचा डाग भिंगाखाली बघा, भोवती बारीक गोल चीर दिसेल किंवा तांबं उठलेलं असेल. डाग पुन्हा द्या. तांबं तुटलं असेल तर पिनेपासून जवळच्या ग्राउंडपर्यंत पातळ तारेचा तुकडा जोडा. नॉबला हात लावल्यावर हम (स्पीकरमधली घूं) बदलत असेल तर पॉटच्या धातूच्या अंगालाही ग्राउंड हवं. पूर्वी तिथे एक छोटी तार सोल्डर केलेली होती का, ते जुन्या पॉटच्या पाठीवर बघा.

प्रश्न: निळ्या रंगाचा, २७ मिलिमीटरचा आल्प्स कंपनीचा पॉट टाकला तर आवाज सुधारतो का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: हळू आवाजात दोन्ही बाजू नीट जुळतात आणि हाताला फार छान लागतो. एवढ्यासाठी तो घ्यायला हरकत नाही. गाण्याचा पोत त्याने बदलतो असं मला कधी जाणवलेलं नाही. अंगाने तो मोठा आहे आणि पिनांचं अंतर वेगळं, त्यामुळे तुमच्या पाटीवर थेट बसेलच असं नाही. बहुधा छोट्या शिल्डेड तारा ओढाव्या लागतील. त्याची नक्कलही बाजारात भरपूर आहे, तेव्हा पावतीसह घ्या आणि दोन्ही गँग पाव फेऱ्यावर मोजूनच पैसे द्या.